मांजलपूर ते मांडवी : दाजींची थांबणारी गाडी

बडोद्याहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, राजवाडा पाहिलात का? नाही पाहिला. संग्रहालय नाही, बाग नाही, तलावसुद्धा रिक्षातून जाता जाता डाव्या हाताला दिसला तेवढाच. सहा दिवसांत मी पाहिला तो मांजलपूर ते मांडवी हा रस्ता. मात्र त्यातला प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक गतिरोधक मी आता इचलकरंजीत बसून सांगू शकेन.

माझं इचलकरंजीत मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. यंत्रमागाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली. त्यामुळे नातेवाइकांत कुणाचा मिक्सर बिघडला तरी फोन मला येतो, आणि मी चिडतो, आणि जातो. या खेपेला फोन बडोद्याच्या आक्काचा होता. आक्का माझी थोरली बहीण, लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली.

"दत्ता, यांची बॅटरीची गाडी मध्येच बंद पडते," ती म्हणाली. मग आवाज खाली करून पुढे म्हणाली, "म्हणजे हे म्हणतात, की पडते."

त्या दुसऱ्या वाक्यासाठी मी मिरजेला गाडीत बसलो.

मंगळवार, मांजलपूर

आक्काच्या घरात शिरल्यावर पाणी पुढे करताना तिने "बेस ने" म्हटलं, म्हणजे बस ना. चव्वेचाळीस वर्षांत तिच्या मराठीत गुजरातीने बरंच बस्तान बसवलंय. दाजींची गोष्ट वेगळी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याचं, पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. दाजी स्वतः रेल्वेत फिटर होते. आता त्र्याहत्तरीत आहेत. ताठ कणा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला पाहून म्हणाले, "आले आमचे मोठे इंजिनेर!" आणि पाठीत एक थाप मारली. मी मनात म्हटलं, या माणसाला काय झालंय?

काय झालंय ते आक्काने स्वयंपाकघरात सांगितलं. दाजींचे जिवलग मित्र कांतिभाई, रेल्वेतलेच, मांडवीजवळच्या पोळीत राहतात. पोळ म्हणजे आपल्याकडची अरुंद गल्ली, एकमेकांना टेकून उभ्या घरांची. चार महिन्यांपूर्वी कांतिभाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून दाजी रोज सकाळी अकराला आक्काच्या हातचा डबा घेऊन त्यांच्याकडे जातात, त्यांना भरवतात, पेपर वाचून दाखवतात आणि दोनला परत येतात. नेमकी तेव्हापासूनच गाडी बंद पडायला लागली. चालता चालता मोटर एकदम गप्प, मागून हॉर्न, पुढे रिक्षा.

"आणि दुसऱ्या कुणी चालवली की काही होत नाही," आक्का म्हणाली. "अलकापुरीच्या दुकानात दोनदा दाखवली. तिथला मिस्त्री गाडी घेऊन अर्धा तास फिरून आला. म्हणाला, काका, गाडीमां कशुं नथी, काही बिघाडच नाही. समीरने येऊन चालवली. एकदम बरोबर."

समीर म्हणजे माझा भाचा. बंगळूरला असतो. ही बॅटरीवरची स्कूटर त्यानेच वडिलांना घेऊन दिली होती. आता त्याचं म्हणणं असं, की गाडीत दोष नाही तर दोष बाबांत आहे. कांतिभाईंच्या दुखण्याने त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलेलं नाही. मध्यंतरी दाजींनी घराची किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली होती आणि दिवसभर शोधत होते, तेही त्याने ऐकलं होतं. त्यामुळे गाडी विकायची ठरली. करजणचं कुणी गिऱ्हाईक रविवारी न्यायला येणार होतं.

"आणि सोमवारी मी डॉक्टरचा नंबर लावलाय," आक्का पीठ मळता मळता म्हणाली. "विसरण्याच्या डॉक्टरचा. यांना अजून सांगितलं नाही."

तिचे हात पिठात होते, म्हणून डोळे तिने खांद्याला पुसले.

संध्याकाळी मी गाडी घेऊन लालबागच्या पुलापर्यंत गेलो. चढावर, उतारावर, जोरात, हळू. गाडी लोण्यासारखी चालली.

बुधवार, पार्किंगमध्ये

सकाळी दाजींनी सेव-उसळ खायला नेलं. आपली मिसळ डोळ्यांत पाणी आणते. इथली उसळ तशी गोडीगुलाबीने वागते, पण वरून हिरव्या मिरचीची आणि लसणीची तरी वेगळी मिळते, ती घेतली की सूड पूर्ण होतो. दाजी मला एकेक चमचा वाढत होते आणि माझा चेहरा बघून हसत होते.

दुपारी दोनला दाजी कांतिभाईंकडून परतल्यावर मी गाडी उलगडली. पाना-पकड माझ्याबरोबर होतीच. बॅटरीची टोकं तपासली, कंट्रोलरची पेटी उघडली, ॲक्सिलेटरची वायर मीटरला लावून हलवून पाहिली. दाजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि न सांगता हवा तो पाना हातात देत होते. फिटरचा हात असा विसरत नाही. चारच्या सुमाराला मागच्या चाकापाशी मोटरचा एक कनेक्टर सापडला, आत हिरवट गंज धरलेला. मी तो कापून टाकला, नवीन बसवला, आणि आख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "सापडला चोर!"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला स्वतःचाच हेवा वाटला. आक्काने वरून गॅलरीतून विचारलं, "खरंच?" मी म्हटलं, "इचलकरंजीचा शब्द आहे."

इतकी बढाई मारायची काही गरज नव्हती. पण माझा स्वभाव तसाच आहे.

गुरुवार, मांडवी

दाजी पुढे गाडीवर, मी मागे रिक्षात. न्यायमंदिर ओलांडून मांडवीकडे वळलो की शहर आकसून येतं. साड्या, पितळी भांडी, फरसाण, देवाची वस्त्रं, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी एक निवांत गाय. आमच्याकडे एवढ्या गर्दीत चार शिव्या तरी ऐकू आल्या असत्या. इथे माणसं हॉर्न मारतात आणि त्याच दमात "जवा दो ने भाई" म्हणून वाटही देतात. गाडी एकदाही अडखळली नाही.

कांतिभाई खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसले होते. दाजींना पाहून त्यांची चांगली असलेली अर्धी बाजू हसली. "आवो, आवो," म्हणाले. बोलणं जड झालंय, पण कळतं. दाजींनी त्यांच्या गळ्यात रुमाल बांधला, पातळ पत्र्याचा छोटा डबा उघडला.

"आजे आमटी नथी?" कांतिभाईंनी तक्रार केली.

"गुरुवार आहे आज. उपास. खिचडी आहे साबुदाण्याची," दाजी मराठीत म्हणाले. हे दोघे पन्नास वर्षं असेच बोलत आलेत, एक गुजरातीत, एक मराठीत. आक्काच्या आमटीत आता गूळ इतका शिरलाय, की कोल्हापूरकडचा कुणी तिला आमटी म्हणणार नाही. पण कांतिभाईंचं सगळं जेवण त्या आमटीवर चालतं. घरचं वरण ते तोंडात धरत नाहीत, आणि ही मात्र वाटी चाटून संपवतात. सून जिग्नाबेन सांगत होती, पहिल्या महिन्यात त्यांनी अन्नच सोडलं होतं. दाजी डबा घेऊन आले नसते तर काय झालं असतं, ते तिने पुरतं सांगितलं नाही.

निघताना तिने धुतलेल्या डब्यात लीलो चेवडो, म्हणजे इथला हिरवा चिवडा, भरून दिला. आपण रिकामं भांडं परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो, तसंच हे. परतीच्या वाटेवर दाजी गाडीवर शीळ घालत होते. मी रिक्षात बसून स्वतःवर खूश होतो.

शुक्रवार, न्यायमंदिरचं वळण

साडेअकराला फोन आला. "दत्ता, जरा ये. पडलो. लागलं नाही विशेष."

मी रिक्षा करून धावलो. दाजी एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपर सोलवटलेलं. मांडीवर डबा. गाडी मोटरसकट गप्प झाली, मागचा स्कूटरवाला धडकला, आणि पडता पडता त्यांनी डबा तेवढा वर धरला होता. "आमटी सांडली नाही," ते म्हणाले.

मी गाडी उभी केली, बसलो, ॲक्सिलेटर दिला. चालली. गल्लीला दोन फेऱ्या मारल्या. चालली. परत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"दाजी, चुकून ब्रेक तर दाबला गेला नाही ना? म्हणजे लक्षात न राहता?"

त्यांनी डबा माझ्या हातात दिला, उठले, कांतिभाईंच्या घराकडे चालू लागले. माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी हातात धरून मी मागे मागे गेलो. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ते आक्काला म्हणाले, "उद्यापासून गाडी नको. त्याला येऊ दे रविवारी, घेऊन जाऊ दे." आणि टीव्ही लावला. टीव्ही चालू होता, पण ते पाहत नव्हते.

"मग कांतिभाईंचा डबा?" आक्काने विचारलं.

"रिक्षाने जाईन."

"एकटे नाही जायचं हं रिक्षाने," आक्का म्हणाली. तिने ते मायेनेच म्हटलं होतं. पण दाजींनी मान खाली घातली. गाडी सकाळी पडली होती. माणूस मला आत्ता पडताना दिसला.

शनिवार, लालबागचा पूल

सकाळी दाजी खोलीतून बाहेर आले नाहीत. आक्काने डबा भरला आणि तो पोचवायचं काम माझ्यावर आलं. जिन्यात पोचलो तर मागून दाजींचा आवाज आला. दारात उभे होते.

"डबा डाव्या हाताच्या ब्रेकच्या लिव्हरला अडकव. आतल्या बाजूला. हँडलला लावलास तर गुडघ्याला आपटतो आणि आमटी सांडते. मागे बांधलास तर गचक्याने झाकण उघडतं. मी सगळं करून पाहिलंय."

मी "बरं" म्हणालो. सांगितलं तसं केलं. चार पुडांचा पितळेचा जाड डबा, कापडी पिशवीत, लिव्हरला अडकवून निघालो.

लालबागच्या पुलाआधी एक गतिरोधक आहे. त्यावरून गेलो, डबा उसळला, आणि मोटर गेली. एकदम. जणू कुणी घरातला मेन स्विच पाडला. मी रस्त्याच्या मधोमध, मागे हॉर्न, आणि मी खुळ्यासारखा हसतोय. "पडली! पडली बंद!" मी मोठ्याने ओरडलो. शेजारून जाणारा रिक्षावाला घाबरून बघायला लागला.

मागे स्कूटरवर एक बाई होत्या. त्या पुढे जाता जाता म्हणाल्या, "काका, तमारी ब्रेक लाइट चालू छे!"

मी उतरून मागे पाहिलं. लाल दिवा लागलेला. ब्रेकवर माझा हात नव्हता, मी गाडीच्या मागे उभा होतो, आणि दिवा लागलेला. लिव्हरकडे पाहिलं. डब्याच्या वजनाने ते एवढंसं, बोटाच्या पेरापेक्षा कमी, खाली आलं होतं आणि तिथेच अडकलं होतं. डबा उचलला. दिवा गेला. डबा अडकवून एक हिसका दिला. दिवा लागला.

या गाड्यांत ब्रेकला हात लागला रे लागला, की मोटरचा प्रवाह तोडणारा एक बटणाएवढा स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो. चाकाला ब्रेक लागायच्याही आधी तो काम करतो. त्यामुळे चालवणाऱ्याला ब्रेक जाणवत नाही, फक्त मोटर जाते. मला हे ठाऊक होतं. अलकापुरीच्या मिस्त्रीलाही ठाऊक असणार. पण आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट केली होती. गाडीला हात लावण्याआधी डबा काढून नीट बाजूला ठेवला होता. मिस्त्रीने तो खुर्चीवर ठेवला होता, समीरने आक्काच्या हातात दिला होता. अन्न आहे, ग्रीसचे हात लागू नयेत. आणि मग डब्याशिवाय गाडी तपासली होती.

पुलाच्या तोंडाशी उभा राहून मी सगळं आठवत गेलो. गुरुवारी पातळ पत्र्याच्या हलक्या डब्यातली खिचडी. परतीला चेवडा. चार महिन्यांपूर्वी कांतिभाई आजारी पडले आणि डबा सुरू झाला. सगळं दाजींनी डोळ्यांसमोर मांडून ठेवलं होतं, आणि मी त्यांना विचारलं होतं, चुकून ब्रेक दाबला का.

मी गाडी वळवली.

शनिवार, परत पार्किंगमध्ये

खालूनच हाका मारल्या. दोघं खाली आली. आक्काला वाटलं मीही पडलो.

मी दाजींना काही समजावलं नाही. "रोज लावता तसा डबा लावा," म्हटलं. त्यांनी लावला. गाडी स्टँडवर घेतली आणि आक्काला मागे उभं केलं. "हा लाल दिवा बघत राहा. दाजी, हात वर करा दोन्ही."

दाजींनी दोन्ही हात वर केले. मी गाडीला एक धक्का दिला.

"लागला!" आक्का म्हणाली. "अहो, लागला! तुमचे हात वर आहेत आणि लागला!"

मी डबा काढला. दिवा गेला. पुन्हा लावला. पुन्हा लागला. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी आक्का नुसती तोंडावर पदर धरून उभी होती.

"म्हणजे मी ब्रेक दाबत नव्हतो," दाजी म्हणाले.

"नाही दाजी. तुम्ही एकदाही काही चुकला नाहीत. चुकलो आम्ही. मला माफ करा."

"दाबत नव्हतो," ते पुन्हा म्हणाले, स्वतःशी. माझ्या माफीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

आक्काने तिथेच उभ्या उभ्या समीरला फोन लावला. "गाडी विकायची नाही. करजणवाल्याला नको म्हणून सांग. आणि सोमवारचा डॉक्टरही नको." तो काहीतरी विचारत होता, तिने फोन ठेवून दिला.

मग तिच्या लक्षात आलं, की ती दाजींसमोर डॉक्टरचं बोलून गेली. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," दाजी म्हणाले. "कॅलेंडरवर तू नुसती फुली केलीस. तू फुली कधी करत नाहीस, नाव लिहितेस."

मी तोवर डबा मागच्या कॅरियरला बांधायला घेतला होता. झाकणाला रबर लावलं, खाली जुनी उशी घातली, वरून दोरीचे चार वेढे दिले. मान वर केली तर दाजी शर्टाच्या खिशातून, पेनाच्या मागून, एक घडी घातलेला कागद काढत होते. तो त्यांनी आक्कापुढे धरला.

"हे आता तूच ठेव. मला नको."

कागद घड्यांवर मळलेला होता. अक्षरं गुजराती होती, मला वाचता येत नव्हती. आक्का मराठीत सांगत सांगत वाचायला लागली. "माझं नाव यशवंत... घर मांजलपूर, दुसरा मजला... मी रस्त्यात गोंधळलेला दिसलो तर कृपा करून या नंबरवर..." एवढं वाचून तिने कागद खाली केला.

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

दाजी म्हणाले, "काही नाही. फोन बायको उचलेल, तिला घाबरवू नका, एवढंच."

तीन महिने तो कागद त्यांच्या खिशात होता. शर्ट रोज आक्का धुवायची, आणि धुवायला टाकण्याआधी ते रोज तो काढून घ्यायचे. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

आक्काने कागदाची घडी घातली आणि आपल्या कमरेच्या पाकिटात ठेवली. मग माझ्यासमोर, पार्किंगमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिने दाजींच्या सोलवटलेल्या कोपराखाली हात धरला आणि त्यांना गाडीपर्यंत आणलं. मी म्हटलं, मी येतो रिक्षाने मागून. तिने मला नको म्हणून हाताने खुणावलं.

"अहो, जा आता," ती म्हणाली. "कांतिभाई जेवायचे थांबले असतील. एकटेच जा."